रायफलीच्या दस्त्याची पुनर्बैठक
रायफलीची नळी व तिच्यामागील यंत्रणा लाकडी दस्त्यातील ज्या खोबणीत बसते, ती झिजली वा फुगली असता तेथील लाकूड खरवडून, सर्वत्र समान स्पर्श करणारी नवी बैठक घडविण्याची क्रिया. लाकूड तंतूंच्या दिशेने फारसे वाढत नसले, तरी आर्द्रता शोषून आडवे फुगते. त्यामुळे वर्षाकाठी ३,००० मिमी.हून अधिक पर्जन्य झेलणाऱ्या, तेरेखोलच्या काठी वसलेल्या बांद्यासारख्या मुलखात वैशाखात जुळविलेला नेम भाद्रपदात ढळल्यास नवल नाही. सावंतवाडीच्या खेळण्यांना साजणारा हलका पांगारा येथे निरुपयोगी; दस्ता अक्रोडासारख्या चिवट लाकडाचाच हवा.

धातूस मेण चोळून, खरवडलेल्या खोबणीत इपॉक्सी राळ भरून, यंत्रणा तीत ताण न देता बसवितात व राळ पुरती कठीण झाल्यावरच उचलतात. गोळीचा उलटा धक्का पेलणाऱ्या खुराची मागील बाजू राळेस पूर्ण टेकली पाहिजे. बहुतेक दोष तेथेच दडलेला असतो. नळी बहुधा मोकळी ठेवतात. परंतु जुन्या लष्करी ली-एनफील्ड रायफलींत दस्त्याच्या टोकाशी नळीस खालून किंचित दाब देण्याचीच मूळ योजना असल्याने, तिला सरसकट मोकळी करणारा कारागीर सुधारणेच्या नावाखाली बिघाड करतो.

पीकसंरक्षणाच्या परवान्यावरील गुळगुळीत नळीच्या बंदुकांना हा सोपस्कार सहसा लागत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये शस्त्रदुरुस्तीचा व्यवसाय करण्यासही स्वतंत्र परवाना आवश्यक आहे.