दंड आणि दंडनीय : अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडाशासनाचा इतिहास

संस्थेच्या हातून अपराध घडला असता त्याची शिक्षा कोणी भोगावयाची, हा प्रश्न न्यायविचारात जुनाच आहे. संस्थेला देह नसतो. त्यामुळे तिला झालेली शिक्षा अखेर कोणत्या ना कोणत्या व्यक्तीच्या वाट्यास येते, आणि ती व्यक्ती अपराधाशी संबंधित असेलच असे नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. तेथे फुटबॉल (म्हणजे चेंडू हाती घेऊन धावण्याचा अमेरिकी खेळ) आणि बास्केटबॉल हे खेळ विद्यापीठांच्या प्रतिष्ठेचे व उत्पन्नाचे मोठे साधन होऊन बसले आहेत, आणि त्यांचे नियमन सरकार करीत नसून विद्यापीठांनीच 1906 साली स्थापन केलेली एक संघटना करीत आली आहे. 1910 पासून ती ‘नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन’ या नावाने ओळखली जाते. या संघटनेचा अधिकार मुख्यतः सदस्य-विद्यापीठांवर चालतो. विद्यापीठाबाहेरील धनिक पाठिराख्यांवर तो चालत नाही. पुढील सर्व इतिहासाचे मर्म या एका मर्यादेत आहे.

प्रारंभीची कित्येक वर्षे संघटनेजवळ उपदेशापलीकडे काही साधन नव्हते. 1948 साली तिने खेळाडूंना द्यावयाच्या आर्थिक साह्यावर निर्बंध घालणारी ‘सॅनिटी कोड’ नावाची संहिता संमत केली. या संहितेत शिक्षा एकच होती, ती म्हणजे सदस्यत्वातून हकालपट्टी. 1950 च्या अधिवेशनात नियमभंग करणाऱ्या सात संस्थांना काढून टाकण्याचा ठराव मांडला गेला. त्याला बहुमत मिळाले, परंतु आवश्यक ते दोन-तृतीयांश मताधिक्य मिळाले नाही. आणि पुढील वर्षी ती संहिताच रद्द झाली. ज्या शिक्षेला पायऱ्या नाहीत ती शिक्षा देण्यास न्यायाधीशांचेच मन धजत नाही, हा धडा पहिल्याच प्रयोगात मिळाला.

त्याच सुमारास, 1951 साली, बास्केटबॉलमधील लाचखोरीचे प्रकरण न्यूयॉर्कमध्ये उघडकीस आले. जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन खेळाडू सामन्यातील गुणांचे अंतर ठरवून कमी ठेवीत असत. केंटकी विद्यापीठाच्या तीन माजी खेळाडूंनी 1949 च्या हंगामात असे पैसे घेतल्याचे निष्पन्न झाले. चौकशीत खेळाडूंना नियमबाह्य साह्य दिले गेल्याचेही दिसून आले. परिणामी 1952-53 च्या हंगामात केंटकीच्या संघाशी कोणी खेळू नये असे ठरले. परंतु लाच घेणारे खेळाडू तोवर विद्यापीठातून बाहेर पडले होते, आणि हंगाम गमावला तो त्यांच्यामागून आलेल्यांनी. 1953-54 मध्ये हा संघ परतला व त्याने आपले पंचवीसच्या पंचवीस सामने जिंकले. तथापि त्याच्या तीन प्रमुख खेळाडूंनी मधल्या काळात पदवी संपादन केली असल्यामुळे ते राष्ट्रीय स्पर्धेस अपात्र ठरले, आणि संघ स्पर्धेस गेलाच नाही. ज्यांच्यावर न्यायाधीशांनी प्रखर टीका केली होती ते प्रशिक्षक अ‍ॅडॉल्फ रप मात्र 1972 पर्यंत आपल्या पदावर राहिले.

यानंतर चौकशीची स्थायी यंत्रणा निर्माण झाली आणि शिक्षांना पायऱ्याही आल्या. ताकीद, परिवीक्षा, शिष्यवृत्त्यांत कपात, हंगामाखेरच्या ‘बाउल’ सामन्यांस बंदी, अशी ती चढती श्रेणी होती. या श्रेणीच्या टोकाशी 1985 साली आणखी एक शिक्षा बसविण्यात आली. पाच वर्षांच्या आत दुसऱ्यांदा गंभीर नियमभंग झाल्यास त्या खेळाचा संपूर्ण हंगामच बंद ठेवता येईल, असा तो नियम होता. वृत्तपत्रांनी त्याला ‘मृत्युदंड’ हे नाव दिले आणि तेच रूढ झाले.

फुटबॉलमध्ये हा दंड झाला तो डॅलस येथील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाला, 25 फेब्रुवारी 1987 रोजी. एका पाठिराख्याने पुरविलेल्या निधीतून तेरा खेळाडूंना सुमारे 61,000 डॉलर वाटले गेले होते. दरमहाची रक्कम प्रत्येकी 50 ते 725 डॉलर एवढी होती. रकमेपेक्षा अधिक गंभीर गोष्ट निराळीच होती. विद्यापीठ 1985 पासून परिवीक्षेखाली असतानाही ही देणी चालू होती. ती एकदम बंद न करता, पूर्वी कबूल केलेल्या खेळाडूंपुरती चालू ठेवून क्रमाक्रमाने संपवावी, या निर्णयाला आपली संमती होती, असे टेक्ससचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांनी मार्च 1987 मध्ये मान्य केले. त्या काळात ते विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते.

शिक्षेनुसार 1987 चा हंगाम रद्द झाला. 1988 मध्ये केवळ परगावचे सामने खेळण्याची मुभा होती, परंतु विद्यापीठाने तोही हंगाम सोडून दिला. चार वर्षांत मिळून 55 शिष्यवृत्त्या कमी झाल्या. जुने खेळाडू अन्य विद्यापीठांत पांगले. 1989 साली नवख्या विद्यार्थ्यांचा जो संघ मैदानात उतरला, त्याला ह्यूस्टन विद्यापीठाने 95-21 असे हरविले. पुढे बाउल सामन्यात खेळण्याचा योग येण्यास 2009 साल उजाडले. नियामक मंडळ विसर्जित झाले, हा शिक्षेचा खरा लाभ होय. क्लेमेंट्स यांनी मात्र गव्हर्नरपदाची आपली मुदत 1991 पर्यंत पूर्ण केली. ज्याने निर्णय घेतला तो संघटनेच्या कक्षेबाहेर होता, आणि 95 गुणांचा मार ज्यांनी सोसला त्यांतील बहुतेकांनी एक डॉलरही पाहिला नव्हता. सर्वोच्च श्रेणीच्या फुटबॉलमध्ये हा दंड पुन्हा कोणास झालेला नाही. 1950 च्या अधिवेशनातील संकोचाचीच ही दुसरी आवृत्ती म्हणावी लागते.

शिक्षेचे आणखी एक रूप भाषेच्या दृष्टीनेही विचारार्ह आहे. पूर्वी जिंकलेले सामने कागदोपत्री ‘रिक्त’ करण्यात येतात. विजेत्याचा विजय पुसला जातो. पण पराभूत संघाला तो मिळत नाही, त्याचा पराभव तसाच राहतो. म्हणजे हरणारा आहे आणि हरविणारा कोणी नाही, अशी कर्त्यावाचूनची क्रिया नोंदीत शिल्लक उरते. पेन स्टेट विद्यापीठाच्या प्रकरणात या शिक्षेची मर्यादा स्पष्ट झाली. माजी साहाय्यक प्रशिक्षक जेरी सँडस्की याने केलेल्या बालकांच्या लैंगिक अत्याचारांबद्दल जून 2012 मध्ये त्याच्यावर 45 आरोप सिद्ध झाले. पाठोपाठ 23 जुलै रोजी संघटनेने विद्यापीठाला सहा कोटी डॉलर दंड केला, चार वर्षांची बाउल-बंदी घातली आणि 1998 ते 2011 मधील 112 विजय रिक्त केले. बाउल-बंदी 2014 मध्ये उठली, आणि जानेवारी 2015 मध्ये ते सर्व विजय परतही देण्यात आले. पीडितांच्या दुःखाशी सामन्यांच्या आकड्यांचा काय संबंध, याचे उत्तर ते पुसण्याने मिळाले नव्हते आणि परत करण्यानेही मिळाले नाही. ज्या अधिकाऱ्यांनी मौन पाळले त्यांचा विचार न्यायालयांना स्वतंत्रपणे करावा लागला. 2017 साली विद्यापीठाच्या माजी अध्यक्षांसह तिघे दोषी ठरले.

या अनुभवांचा परिणाम उशिरा का होईना, झाला. ज्यांचा नियमभंगाशी संबंध नाही अशा खेळाडूंना शक्यतो शिक्षेची झळ लागू नये, हे तत्त्व संघटनेच्या 2022 पासूनच्या घटनेत अंतर्भूत आहे. 2023 मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या प्रकरणी दोनशेंहून अधिक नियमभंग आढळले. विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या कमी झाल्या, विजय रिक्त झाले. तथापि बाउल-बंदी टाळून ऐंशी लाख डॉलरांहून अधिक दंड आकारण्यात आला. माजी प्रशिक्षकावर सहा वर्षांचा ‘कारणे दाखवा’ आदेश बजावला गेला. त्या मुदतीत त्याला कामावर घेणाऱ्या संस्थेला आपल्या कृतीचे समर्थन संघटनेपुढे करावे लागते. शिक्षा अखेर निर्णय घेणाऱ्याच्या नावावर लिहिली जाऊ लागली.

दरम्यान अपराधाची व्याख्याही बदलली. 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेता येतो, आणि जून 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे त्यांना प्रत्यक्ष पैसेही देऊ शकतात. डॅलसच्या खेळाडूंना मिळालेले दरमहाचे 725 डॉलर या व्यवस्थेत क्षुल्लक वाटतील. परंतु त्या प्रकरणातील मूळ दोष पैशाचा नव्हताच. नियम पाळण्याचे वचन देऊन तो जाणूनबुजून मोडण्याचा निर्णय सर्वोच्च पातळीवर झाला, हा तो दोष होता. पैशाला मान्यता मिळाल्याने वचनभंगाला मान्यता मिळत नाही. त्याची शिक्षा विद्यार्थ्यांच्या हंगामांतून वसूल करण्याची रीत जेथे जेथे अवलंबिली गेली, तेथे वचन मोडणारे सुटले आणि संस्थेचा हिशेब मात्र चुकता झाल्याचा भास तेवढा निर्माण झाला.