घडविलेला जीव आणि त्याचा कायदा

दिल्लीस कामानिमित्त जाणाऱ्या मराठी माणसाला कोपर्निकस मार्ग ठाऊक असतो, तो तेथील जुन्या महाराष्ट्र सदनामुळे. त्याच मार्गावर फरीदकोट संस्थानाचा जुना प्रासाद आहे आणि त्यात आता राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण भरते. या न्यायाधिकरणाच्या कायद्यास २ जून २०१० रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याआधी जेमतेम पंधरवडाभर, २० मे रोजी, अमेरिकेत क्रेग व्हेंटर व त्यांचे सहकारी यांनी एका जीवाणूचा संपूर्ण जनुकसंच रसायनांतून जुळवून तो दुसऱ्या जीवाणूच्या पेशीत चालता केल्याचे जाहीर केले होते. दोहोंचा परस्परांशी संबंध काही नव्हता. परंतु अशा घडविलेल्या जीवाने उद्या मातीपाण्यास अपाय केलाच, तर गाऱ्हाणे न्यायाचे याच प्रासादात, किंवा न्यायाधिकरणाच्या पुण्यातील पीठापुढे. कारण १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा त्याच्या कक्षेत येतो.

ही विद्या आपल्याला सर्वस्वी परकी नाही. मुलतान जिल्ह्यातील रायपूर या खेड्यात जन्मलेले हरगोविंद खुराना यांनी १९७० मध्ये अमेरिकेत पहिले कृत्रिम जनुक रचले, आणि १९७६ मध्ये तशाच एका जनुकाचे कार्य जिवंत जीवाणूत चालते हेही दाखविले. पूर्वी गुराडुकरांच्या स्वादुपिंडातून काढावे लागणारे इन्सुलिन १९८२ पासून जीवाणूंकरवी तयार होऊन बाजारात आले. पुढे हिवतापावरील औषधाचा मूळ घटक देण्यास यीस्टला शिकविण्यात आले.

भारताने यासाठी ५ डिसेंबर १९८९ रोजी नियम केले. त्यांतील व्याख्या आजही वाचण्यासारखी आहे. बाहेरून घातलेले जनुकद्रव्यच नव्हे, तर मूळच्या द्रव्यातून काही भाग वगळणेही तिच्यात समाविष्ट आहे. शब्द तोकडे नव्हते. हात तोकडे पडले. जालन्याच्या महिको कंपनीला बीटी कापसाची परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये, आणि २००१ मध्येच गुजरातच्या शेतांत विनापरवाना बीटी कापूस उभा असल्याचे उघडकीस आले होते! जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने तणनाशक सोसणारे, परवानगी नसलेले कापूसबियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह केला. निंदणीच्या मजुरीने जेरीस आलेल्या शेतकऱ्याला निव्वळ कायदेभंजक म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समितीही योजिली होती. ती किती ठिकाणी कागदाबाहेर आली, हा प्रश्न शेतकऱ्याला विचारण्याजोगा नाही.

३० मार्च २०२२ रोजी, परके जनुक नसलेल्या काही संपादित वनस्पतींना नियम ७ ते ११ मधून सूट मिळाली. मे २०२५ मध्ये तशा भाताचे दोन वाण जाहीर झाले. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जैव-उत्पादनास उत्तेजन देणारे धोरण मंजूर केले होते. हे सारे इष्टच. मात्र १९८९ च्या नियमांतील आयात, साठवण हे शब्द वस्तू गृहीत धरून योजिलेले आहेत. बियाण्याची पिशवी तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला उघडून पाहता येते. जनुकाचा आराखडा मात्र आता अक्षरांच्या रूपाने क्षणात समुद्रापार जातो, आणि तेथील यंत्र त्यावरून द्रव्य जुळविते. त्या अक्षरांची झडती कोणत्या नाक्यावर घ्यावयाची, हे त्या नियमांत नाही.