निद्रेची संहिता : मुक्तस्रोत लॅपटॉपच्या ऊर्जाव्यवस्थापनाचा इतिहास

लॅपटॉपचे झाकण मिटले की यंत्र झोपते आणि उघडले की जागे होते, याचे आज कोणाला नवल वाटत नाही. परंतु लिनक्ससारख्या मुक्तस्रोत प्रणालीवर ही साधी गोष्ट भरवशाची व्हायला बरीच वर्षे खर्ची पडली. त्या वर्षांचा इतिहास आम्हांस तंत्रज्ञानाइतकाच वाचनाचा इतिहास वाटतो. दुसऱ्याने लिहिलेली, सदोष आणि आपल्याला उद्देशून नसलेली संहिता कशी वाचावी, हा त्यातला मूळ प्रश्न. म्हणून साहित्याच्या अभ्यासकांपुढे तो मांडण्याचे धाडस करीत आहोत.

१९९२ साली इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम ही पद्धत आणली. तिच्यात निर्णयाचा अधिकार मुख्यतः बायोसकडे, म्हणजे यंत्रासोबत येणाऱ्या मूळ आज्ञावलीकडे होता. काही काळ हालचाल दिसली नाही की बायोस पडदा मालवी. समोरचा माणूस उठून गेला आहे की शांतपणे वाचत बसला आहे, हे मात्र त्याला कळत नसे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे नवे मानक प्रसिद्ध केले आणि तो अधिकार कार्यप्रणालीकडे आला.

पण या सत्तांतराला एक अट होती. पंखा, बॅटरी, झाकण यांचा तपशील निर्मात्याने डीएसडीटी नावाच्या कोष्टकात एका खास संकेतभाषेत लिहावयाचा आणि कार्यप्रणालीने त्याचा अर्थ लावून तो अमलात आणावयाचा. अनेक निर्माते आपले कोष्टक केवळ विंडोजवर तपासून पाहत. मायक्रोसॉफ्टच्या अनुवादकाने चालवून घेतलेल्या चुका इंटेलच्या अनुवादकाला खटकत. परिणामी विंडोजवर सुरळीत चालणारा लॅपटॉप लिनक्सवर बॅटरीचा आकडा दाखवीत नसे, किंवा झोपला तो पुन्हा उठतच नसे. तेव्हा हौशी वापरकर्ते आपल्या यंत्रातले कोष्टक बाहेर काढीत, उलगडीत, चुका दुरुस्त करून पुन्हा आत घालीत. ही पाठशुद्धीच होती. मात्र प्रत्येकाने आपापली प्रत सुधारल्याने मूळ दोष झाकला जातो, बरा होत नाही. कर्नलच्या विकसकांनी अखेर वेगळी भूमिका घेतली : जी अशुद्ध संहिता विंडोजला वाचता येते, ती लिनक्सलाही वाचता आली पाहिजे.

या भूमिकेची परिणती विलक्षण आहे. फर्मवेअर कार्यप्रणालीला विचारू शकते, की तू अमुक आहेस काय? ‘तू लिनक्स आहेस काय’ या प्रश्नाला २००७ सालापासून लिनक्सचे नेहमीचे उत्तर ‘नाही’ असे आहे. विंडोजच्या निरनिराळ्या आवृत्त्यांची नावे घेतली की मात्र ते ‘होय’ म्हणते. कारण सरळ आहे. निर्मात्याने तपासलेली वाट तेवढी एकच असते. ‘लिनक्स’ या नावाने लिहिलेली वाट बहुधा अपुरी किंवा चुकीची असते. स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या प्रणालीने झोपण्यापुरते का होईना, परक्याचे नाव धारण करावे, यातला उपरोध लपत नाही.

मानक खुले असले म्हणजे मैदान सारखे होते, असे नाही. बिल गेट्स यांनी जानेवारी १९९९ मध्ये सहकाऱ्यांना लिहिलेले एक पत्र अमेरिकेतील आयोवा राज्यात मायक्रोसॉफ्टविरुद्ध चाललेल्या खटल्यामुळे उजेडात आले. एसीपीआयची विस्तारित अंगे काही प्रमाणात विंडोजपुरती करता येतील काय, अशी पृच्छा त्यात आहे; श्रम आपले आणि लाभ लिनक्सला, ही त्यामागची खंत. पुढे तशी कृती झाली, असे एवढ्यावरून म्हणता येणार नाही. पण खुलेपणाचा मजकूर लिहिला जात असतानाच त्याला कुंपण घालण्याचा विचार शेजारी उभा होता, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

तथापि सारा दोष परक्याचा नव्हता. लिनक्सचे कर्नल काम असो वा नसो, ठरावीक ठोक्याने प्रोसेसरला उठवी. डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीत हे ठोके सामान्य संगणकांवर सेकंदाला १००० झाले होते. एप्रिल २००७ च्या २.६.२१ आवृत्तीने रिकाम्या वेळचे ठोके टाळण्याची सोय केली. पुढच्याच महिन्यात इंटेलने पॉवरटॉप हे साधन खुले केले. कोणता प्रोग्राम सेकंदाला किती वेळा यंत्राची झोपमोड करतो, हे त्यात नावानिशी दिसू लागले. लुकलुकणारा कर्सरसुद्धा आरोपींत निघाला. काही वेळाने त्याचे लुकलुकणे थांबवण्याची सोय मग करण्यात आली. दुसऱ्याच्या संहितेतील चुका शोधणाऱ्यांना आपल्या लेखनातील पाल्हाळ त्या वर्षी प्रथमच एवढ्या स्पष्टपणे दिसला.

आज टीएलपीसारखे साधन बसवले की बहुतेक मांडणी आपोआप होते. पण प्रश्न मिटलेला नाही. ज्या गाढ झोपेत केवळ स्मृतीला वीज मिळते, ती अवस्था अनेक नव्या लॅपटॉपांतून निर्मात्यांनी काढून टाकली आहे आणि तिच्या जागी अर्धवट जागी अशी झोप आली आहे. कार्यप्रणाली आपली असली तरी यंत्राने कसे झोपावे, हे अजूनही दुसराच कोणी लिहितो. वाचण्याचा अधिकार मिळाला म्हणजे लिहिण्याचा मिळाला असे नव्हे. या भेदाची आठवण साहित्याच्या वाचकाला वेगळी करून द्यावयास नको.