मापाची गिटार, मनासारखा सूर

मिरजेला तंबोरा घ्यायला जाणारा गवई दुकानात मांडलेल्या वाद्यांपैकी एखादे उचलून परत येतोच असे नाही. आपली पट्टी कोणती, वाद्य मैफलीसाठी हवे की प्रवासासाठी, हे तो कारागिराला सांगतो आणि भोपळ्याचा आकार, दांडीची लांबी, तारा व जवारी त्याबरहुकूम ठरतात. वादकाच्या गरजेप्रमाणे वाद्य घडवून घेण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. तीच रीत इलेक्ट्रिक गिटारीच्या जगात 'कस्टम गिटार' या नावाने ओळखली जाते. मुंबई-पुण्यातील तरुण वादकही आता परदेशी कंपन्यांकडून किंवा देशातील कारागिरांकडून अशा गिटारी बनवून घेऊ लागले आहेत.

मात्र दोघांत एक महत्त्वाचा फरक दिसतो. गवयाला आपली पट्टी ठाऊक असते. गिटार घडवून घेणाऱ्याने पुष्कळदा केवळ रंग आणि लाकडावरची नक्षी ठरवलेली असते. कस्टम गिटार महाग असते, तयार व्हायला अनेक महिने लागतात, ती सहसा परत घेतली जात नाही आणि एकाच्या आवडीनुसार बनलेली असल्याने पुन्हा विकताना बहुधा मोठी घट सोसावी लागते. म्हणूनच ही खरेदी करताना कोणत्या क्रमाने विचार करावा, हे जाणून घेणे आवश्यक आहे.

तीन वाटा

कस्टम गिटार मिळवण्याचे प्रामुख्याने तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग मोठ्या कंपन्यांच्या खास कार्यशाळांचा. फेंडर कंपनीने १९८७ साली कॅलिफोर्नियातील कोरोना येथे 'कस्टम शॉप' सुरू केले. गिब्सन आणि पीआरएस या कंपन्यांचेही असे विभाग आहेत. येथे दर्जाची खात्री असते, परंतु किंमत हजारो डॉलरच्या घरात जाते आणि कंपनीच्या ठरलेल्या आकारांबाहेर फारसे जाता येत नाही.

दुसरा मार्ग स्वतंत्र कारागिराचा. त्याला 'लुथियर' म्हणतात. येथे जवळजवळ प्रत्येक गोष्ट ठरवता येते, कारागिराशी थेट बोलता येते आणि तो आपल्याच शहरात असेल तर काम चालू असताना पाहताही येते. डावखुऱ्या वादकांना बाजारात मोजकेच पर्याय मिळतात. त्यांच्यासाठी तर हा मार्ग विशेष सोयीचा. मात्र सर्व भिस्त एका माणसाच्या हातावर असते.

तिसरा मार्ग सुटे भाग जुळवण्याचा. एडी व्हॅन हेलन या वादकाने १९७० च्या दशकाच्या मध्यास सदोष म्हणून स्वस्तात निघालेला ५० डॉलरचा सांगाडा आणि ८० डॉलरची दांडी विकत घेऊन त्यात एका जुन्या गिब्सन गिटारीचे पिकअप बसवले. 'फ्रँकेनस्टाइन' या नावाने प्रसिद्ध झालेली ती हीच गिटार. हा मार्ग स्वस्त असला तरी दांडी आणि सांगाडा यांचा सांधा अचूक बसला नाही, किंवा घोडीची जागा चुकली, तर ती गिटार कधीच सुरात वाजत नाही.

लाल गिटारीचा धडा

मापाने घडवलेल्या गिटारीचे सर्वांत बोलके उदाहरण 'क्वीन' या ब्रिटिश वाद्यवृंदाचा वादक ब्रायन मे याचे आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी याच वाद्यवृंदाचा गायक. शाळकरी वयातील मेला बाजारातील गिटार परवडत नव्हती. १९६३ साली त्याने वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवायला घेतली आणि हे काम सुमारे दोन वर्षे चालले. दांडीसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड, कंपयंत्रणेसाठी मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि दांडीवरील खुणांसाठी शिंपल्याची बटणे, असे साहित्य त्याने वापरले.

साहित्य टाकाऊ असले तरी योजना पक्की होती. ध्वनिवर्धकासमोर उभे राहिल्यावर तारा आपोआप गुंजत राहाव्यात, अशी त्याची इच्छा होती. त्यासाठी त्याने सांगाडा मुद्दाम अंशतः पोकळ ठेवला. पिकअपही त्याने प्रथम स्वतःच बनवले होते, परंतु तार ओढताना त्यांतून नको असलेला आवाज येऊ लागला, तेव्हा ते काढून बर्न्स कंपनीचे तीन तयार पिकअप बसवले. आपल्याला काय हवे ते नेमके ठाऊक असणे आणि फसलेली गोष्ट विनासंकोच बदलणे, हे दोन्ही गुण कस्टम गिटार घेणाऱ्याने येथून उचलावेत.

आधी हात

निवडीची सुरुवात डाव्या हातापासून करावी. पहिला प्रश्न 'स्केल लेंग्थ'चा, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीचा. फेंडरच्या बहुतेक गिटारींत ती २५.५ इंच म्हणजे ६४८ मिलिमीटर असते, पीआरएसमध्ये २५ इंच, तर गिब्सनमध्ये साधारण २४.७५ इंच. ब्रायन मेची गिटार अवघी २४ इंचांची आहे. तार तीच आणि सूरही तोच असेल, तर लांबी वाढली की ताण वाढतो. त्यामुळे आखूड गिटारीत तार ओढून मींड काढणे सोपे जाते, तर खालच्या सुरात वाजवणाऱ्यांना लांब गिटारीत तारा घट्ट आणि स्पष्ट राहिलेल्या आवडतात. लांबीबरोबर पडद्यांमधील अंतरही बदलते. ६४८ मिलिमीटरच्या गिटारीत पहिला पडदा सुमारे ३६.४ मिलिमीटरवर येतो, गिब्सनच्या मापात सुमारे ३५.३ वर. एका मिलिमीटरचा हा फरक लहान बोटांना लगेच जाणवतो.

दुसरा प्रश्न दांडीचा. खुंट्यांच्या बाजूला तारा ज्या खाचांतून जातात, त्या पट्टीला 'नट' म्हणतात. तेथे दांडीची रुंदी साधारण ४२ ते ४३ मिलिमीटर असते. दांडीची जाडी आणि मागची गोलाई मात्र मुठीच्या मापावर ठरते. दांडीचा दर्शनी भागही किंचित गोलाकार असतो. जुन्या फेंडर गिटारींत त्याची त्रिज्या ७.२५ इंच, गिब्सनमध्ये १२ इंच, तर वेगवान वादनासाठीच्या काही गिटारींत १६ इंच असते. त्रिज्या कमी असेल तर स्वरसमूह धरायला सोपे जाते. जास्त असेल तर तारा दांडीच्या जवळ ठेवूनही दूरवर ओढता येतात.

तिसरा प्रश्न पडद्यांचा. ते २१, २२ की २४ हवेत, उंच हवेत की बुटके, हे वादनशैलीवर अवलंबून असते. स्टेनलेस स्टीलचे पडदे नेहमीच्या निकेलमिश्रित धातूपेक्षा बराच काळ झिजत नाहीत, परंतु ते बसवणे कष्टाचे असल्याने कारागीर अधिक दर आकारतात.

ही मापे नुसती वाचून ठरवता येत नाहीत. मुंबईत धोबीतलाव परिसरासारख्या ठिकाणी वाद्यांची दुकाने आहेत. तेथे जाऊन निरनिराळ्या लांबीच्या गिटारी प्रत्येकी अर्धा तास तरी उभ्याने आणि बसून वाजवून पाहाव्यात. हाताला सुखावह वाटलेल्या गिटारीची मापे वहीत टिपून ठेवावीत. तीच वही पुढे कारागिरापुढे ठेवायची असते.

मग कान

इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज मुख्यतः तारांखालील पिकअपमधून घडतो. चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार, अशी त्याची रचना असते. वर लोहयुक्त तार कंप पावली की त्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो. एकच वेटोळे असलेल्या पिकअपचा आवाज स्वच्छ आणि टोकदार असतो, पण घरातील ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याची घरघरही ते पकडते. ती टाळण्यासाठी गिब्सनच्या सेथ लव्हर या तंत्रज्ञाने दोन वेटोळी उलटसुलट जोडली. १९५७ पासून गिब्सनच्या 'लेस पॉल' गिटारीत हे 'हंबकर' बसू लागले. त्यांचा आवाज भरदार असतो.

दोन्ही आवाज हवेत म्हणून अनेकजण हंबकरचे एक वेटोळे बंद करणारी कळ मागवतात. ही सोय उपयुक्त आहे, परंतु कळांची संख्या वाढवण्याचा मोह आवरावा. भर कार्यक्रमात जी कळ शोधावी लागते, ती नसल्यासारखीच. सांगाड्याच्या आतील पोकळीला तांब्याचा पत्रा लावून घेणे मात्र अवश्य मागावे. खर्च थोडा आणि घरघर कमी.

लाकूड, हवामान आणि कायदा

सांगाड्याच्या लाकडाचा आवाजावर किती परिणाम होतो, याविषयी जाणकारांत वाद आहे. वजनाविषयी मात्र वाद नाही. साडेतीन किलोची गिटार तीन तास खांद्यावर पेलणे आणि पाच किलोची पेलणे यांत मोठा फरक आहे. म्हणून कमाल वजन लेखी ठरवून घ्यावे. हलका सांगाडा आणि जड दांडी असे झाल्यास गिटार सोडताच खाली झुकते. त्यामुळे तोलाचाही विचार करावा.

आपल्या हवामानाचा प्रश्न वेगळा आहे. पावसाळ्यातील मुंबई किंवा गोव्याची दमट हवा आणि मे महिन्यातील नागपूरची कोरडी हवा यांत लाकूड फुगते आणि आकसते. दांडी वाकते आणि पडद्यांची टोके बोटांना टोचू लागतात. त्यामुळे लाकूड चांगले सुकलेले असावे आणि दांडीतील पोलादी सळई, म्हणजे 'ट्रस रॉड', दुरुस्तीसाठी सहज हाती लागावी. भाजून घेतलेले मेपल हे लाकूड ओलावा कमी शोषते, म्हणून ते आपल्याकडे उपयोगी पडते.

दांडीच्या दर्शनी भागासाठी जगभर वापरले जाणारे एक लाकूड आपल्या घरातलेच आहे. ते म्हणजे शिसव. जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण प्रजातीच्या व्यापारावर 'सायटिस' या आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवाला मात्र ही सूट नाही. १९९२ पासून ते सर्वाधिक संरक्षित यादीत आहे. परदेशी कारागिराने ते देऊ केले, तर मोहात न पडता नकार द्यावा, कारण योग्य परवान्यांअभावी वाद्य सीमेवरच अडकू शकते.

सर्व काही कागदावर

कारागिराशी बोलणे कितीही मनमोकळे झाले, तरी अंतिम तपशील लेखी असावेत. स्केलची लांबी, नटची रुंदी, दांडीची जाडी, त्रिज्या, पडद्यांचा प्रकार, पिकअप, घोडी, खुंट्या, वजन, तारांची जाडी आणि रंग हे सारे त्यात यावे. आगाऊ रक्कम किती, उरलेली कोणत्या टप्प्यावर, कामाची छायाचित्रे केव्हा मिळणार, विलंब झाल्यास काय आणि ठरलेल्या मापात चूक निघाल्यास दुरुस्ती कोणी करायची, हेही नमूद करावे. गिटार परदेशातून येणार असेल, तर आयात शुल्क, त्यावरील कर आणि वाहतुकीचा विमा यांची चौकशी मागणी नोंदवण्यापूर्वीच करावी. त्या कारागिराने दोन-तीन वर्षांपूर्वी बनवलेली गिटार कोणाकडे असेल, तर ती वाजवून पाहावी. नव्या गिटारीपेक्षा जुनी गिटारच कारागिराविषयी अधिक सांगते.

हाती आल्यावर

गिटार आल्यावर प्रथम तिला एक-दोन दिवस घरच्या हवेत स्थिरावू द्यावे. मग मोजपट्टी घ्यावी. नटपासून बारावा पडदा स्केलच्या बरोबर निम्म्यावर असला पाहिजे. ६४८ मिलिमीटरच्या गिटारीत तो ३२४ वर यावा. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर आणि तेथेच दाबून काढलेला स्वर एकच निघावा. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून कोठे खरखर होते का, ते पाहावे. बाराव्या पडद्यापाशी तारांची उंची साधारण दीड ते दोन मिलिमीटर असते. ती आपल्या हाताप्रमाणे जुळवून घेणे हा कारागिराच्या कामाचाच भाग आहे. तंबोऱ्याला जवारी लावल्याशिवाय तो बोलत नाही, तसेच हे आहे.

नुकतेच शिकू लागलेल्यांनी मात्र कस्टम गिटारीच्या मागे लागू नये. त्यांना आपला हात अजून सापडलेला नसतो. चांगली तयार गिटार घेऊन ती एखाद्या जाणकाराकडून नीट जुळवून घेतल्यास पुष्कळांचे काम भागते. काही वर्षे वाजवल्यावर त्या गिटारीत काय खुपते, याची यादी आपोआप तयार होते. ती यादी हाती असेल, तर कारागिराला फार काही समजावून सांगावे लागत नाही. यादीत रंगाखेरीज काहीच नसेल, तर असलेल्या गिटारीलाच नवा रंग द्यावा. तो बराच स्वस्त पडतो.