कापडाची गाडी पितळखोऱ्याला

पालमहून पितळखोऱ्याला जायचा आजचा रस्ता सरळ आहे: गंगाखेड, परभणी, जालना, संभाजीनगर, कन्नड. पण भल्या पहाटे निघालात तरी लेण्यांशी पोहोचेपर्यंत दुपार कलते. शिवाय त्या रस्त्याने गेलात तर हाती लागतात ते पडके खांब, मुंडकी उडालेले हत्ती आणि वटवाघळं. तेव्हा दुसरा रस्ता धरा. इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक, पाऊस नुकताच सरलेला, कार्तिकाचं ऊन. पालम नावाची पाटी शोधू नका. जमीन मात्र ओळखीची आहे, तीच काळी, पायाला चिकटणारी, कापसाची. बैलगाडीत सुती कापडाचे तागे रचलेत आणि शेजारी एक म्हातारा गाडीवान बसलाय. आधी उत्तरेला गंगा गाठायची. गोदावरीला तुम्ही गंगाच म्हणता, तो नुसतं नदी म्हणेल. मग तिच्या काठाकाठाने वर पैठणकडे.

शिदोरी जरा विचार करून बांधा. मिरची नाही, तिला समुद्र ओलांडून यायला अजून सोळाशे वर्षं लागायची आहेत. शेंगदाण्याची चटणी नाही, टोमॅटो नाही, शेतात सोयाबीन नाही. तिखट हवंच असेल तर मिरी, आणि तीही ऐपत असेल तर. आठ-दहा मुक्कामांनी पैठण येतं, तोवर तुमची जीभ अळणी खाण्याला सरावलेली असते.

पैठणला, म्हणजे प्रतिष्ठानाला, सातवाहनांची गादी आहे. तिचा थाट बघायला थांबू नका, बाजारात शिरा. इथून माल उत्तरेला घाट उतरतो आणि भडोचच्या बंदराला लागतो. अजून शंभर-दीडशे वर्षांनी ग्रीक भाषा बोलणारा इजिप्तकडचा एक व्यापारी याच वाटेची टिपणं ठेवणार आहे: भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर, पैठणहून रंगीत दगड येतात, तेरहून जाडंभरडं कापड आणि मलमल. नावाचा पत्ता नसलेल्या या माणसाने मराठवाड्याचा पहिला बाजारभाव लिहून ठेवला असं म्हणायला हरकत नाही.

गाडीवान गंधी आळीपाशी गाडी उभी करतो. चंदन, उगाळलेली मुळं, तेलं. इथल्या गंध्यांच्या घराण्यातला मितदेव नावाचा माणूस पितळखोऱ्याला एक खांब देऊन बसलाय. आख्खं लेणं नव्हे, एक खांब. ‘संघकाच्या पोरांनी पण एक दिलाय,’ म्हातारा सांगतो. ‘सगळ्यांनी मिळून केलं की डोंगर उचलतो.’ तो हे एखाद्या गावच्या मंदिराच्या वर्गणीबद्दल बोलावं तसं बोलतो, आणि मला विचाराल तर सगळं तिथेच कळतं. लेणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जग सोडून डोंगरात बसलेला एकटा साधू येतो. पितळखोरं जगाच्या पैशावर उभं आहे, आणि तेही राजाच्या नव्हे, बाजाराच्या.

पैठणपासून आणखी पाच-सहा मुक्काम. वाटेत वेरूळचा डोंगर लागतो, तो अजून कोरा आहे. कैलासाला आठशे वर्षं अवकाश आहे. पुढे सातमाळ्याचं पठार. पठार एकदम संपतं आणि खाली खानदेश दिसतो. तिथे कड्याच्या अलीकडे एक घळ आहे, तिच्यात ओढा. गाडी वर सोडायची, तागे खांद्यावर घ्यायचे आणि उतरायचं. पावसाळ्याचं पाणी अजून कड्यावरून पडतंय, त्यामुळे आवाज आधी येतो आणि लेणी नंतर दिसतात.

दिसतात ते आधी हत्ती. ओळीने नऊ, खऱ्या हत्तीच्या मापाचे, पुढचा भाग खडकातून बाहेर आलेला, जणू सगळा विहार पाठीवर पेलून उभे आहेत. कोरीव काम ताजं आहे, चुन्याचा आणि रंगाचा हात नुकताच फिरलाय. शेजारी एक घोडा. मधल्या दारातून जिना वर विहारात चढतो, आणि दाराच्या दोन बाजूंना दोन द्वारपाल आहेत: हातात भाला, ढाल, अंगात शिवलेला अंगरखा. त्यांच्यासमोर तुम्ही नकळत तागा खाली ठेवून उभे राहता. नंतर हसू येतं, कारण चेहरे अगदी साधे आहेत, बाजारात दिसतात तसे.

जिन्याच्या बाजूला पाच फण्यांचा नाग आहे. त्याच्याकडे नीट बघा. फण्यांमधून पाणी पडतंय. मागच्या खडकात पन्हळ खोदून ते पाणी नागाच्या तोंडांपर्यंत आणलंय. बायका त्याच्याखाली पाय धुतात, तुम्हीही धुता. हा नाग मला हत्तींपेक्षा मोठा वाटतो. सह्याद्रीच्या या काळ्या पाषाणात थरांमध्ये कच्चे पट्टे असतात, फटी असतात, त्यांतून पावसाचं पाणी झिरपतं आणि भिंती फोडतं. पितळखोऱ्याच्या कारागिरांना हे पहिल्या वर्षीच कळलं असणार. ज्या पाण्याने लेणं खायचं, त्यातल्या काहीला वाट काढून त्यांनी ते दारात पाय धुवायला बसवलं. कोकणातला माणूस छपराच्या वळचणीखाली घागर ठेवतो, त्याच अकलेचं हे काम.

अंगणात एक जण बसून दगडाला शेवटचा हात देतोय. त्याच्यासमोर यक्ष आहे: ठेंगणा, ढेरपोट्या, डोक्यावर भांडं तोललेलं, आणि चेहऱ्यावर असं हसू की बघणाऱ्यालाही हसावंसं वाटतं. गळ्यातला हार, दंडातली वाकी, कानातलं, सगळं इतकं बारीक की हा पाथरवटाचा हात नव्हे हे तुम्हाला लगेच कळतं. बरोबर आहे. हा कण्हदास, सोनार. यक्षाच्या हातावर त्याने तेच कोरलंय: कण्हदास सोनाराने केला. सोनाराने दगड का घडवावा असा प्रश्न इथे कुणाला पडत नाही. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी आपल्या कामाची नोंद कोरली आहे. ज्याला बारीक काम येतं तो काहीही घडवतो. शिवाय यक्ष इथे परका नाही. पुढे महामायूरी नावाच्या बौद्ध ग्रंथात गावोगावच्या यक्षांची यादी येईल, तिच्यात पीतंगल्य गावाचा यक्ष म्हणून शंकारिन् असेल, आणि बरेच अभ्यासक ते गाव म्हणजे हेच खोरं मानतील. बुद्धाच्या भिक्खूंनी गावच्या देवाला घालवून दिलं नाही, अंगणात बसवलं.

विहारात चढा. छत लाकडी वाशांचं असावं तसं कोरलेलं, कोठड्यांच्या दारांवर कमानी, उजेडाला जाळीच्या खिडक्या, आत दगडाचे ओटे झोपायला. एक तरुण भिक्खू तागे मोजून घेतो. पावसाळ्याचे महिने त्यांनी एका जागी काढले. आता गृहस्थांनी चिवरांसाठी कापड द्यायचं आणि त्यांनी ते एका दिवसात कापून, शिवून, रंगवून पुरं करायचं, असा नेम आहे. म्हणून घाई. कुणी सुया काढतंय, कुणी रंगाचं पाणी उकळतंय. सगळीकडे लग्नघरासारखी धांदल, आणि मघाशी मनात असलेला तो एकटा साधू कुठेच नाही.

भिंतीवर अक्षरं आहेत. वाचून दाखवायला सांगा: मगिल, वच्छीचा मुलगा, राजवैद्य, त्याचं दान. बाजूला त्याचा मुलगा दत्तक. आणि त्याची मुलगी दत्ता, तिचंही दान, तिच्या स्वतःच्या नावाने. बापाची ओळख आईच्या नावाने सांगितलेली आणि लेकीची बापाच्या, असं ते एक घर भिंतीवर शेजारी शेजारी आहे. ज्या राजाच्या नाड्या मगिल पाहत होता, त्या राजाचं नाव इथे नाही. मगिलाने घरात काय औषधं दिली, मुलगी कुठे दिली, काही माहीत नाही, पण वैद्याच्या हातात पैसा होता आणि तो खर्च कुठे करायचा याचा निर्णय पोरांनीही घेतला, एवढं दगडावर आहे.

आता शेजारचं चैत्यगृह. दोन्ही बाजूंना अष्टकोनी खांबांच्या रांगा. मधल्या छताला खऱ्या लाकडाच्या कमानी. खांबांवर मितदेवाचं नाव, संघकाच्या मुलांचं नाव. टोकाला स्तूप. त्यात स्फटिकाच्या डब्यांमध्ये धातू, म्हणजे पवित्र अवशेष, ठेवलेत, हे तुम्हाला दिसणार नाही, सांगितलं जाईल. बुद्धाची मूर्ती शोधाल तर नाही. या लोकांनी अजून त्याला माणसाच्या रूपात घडवलेलं नाही. प्रदक्षिणा घाला, गाडीवानाबरोबर.

आणि इथेच, स्तूपाच्या मागच्या अंधारात वळताना, काळ सोडून द्या. तो फार वेगाने जातो. लाकडी कमानी काळ्या पडतात. भिंतीत एक रेघ उमटते, पुढच्या पावसात ती बोटभर होते. दिवे कमी होतात. मग पाचशे वर्षांनी पुन्हा उजेड: खांबांवर गिलावा चढवून चितारी उभे आहेत, आणि त्याच खांबांवर आता बुद्ध रंगतोय, चिवरात, हात वर केलेला. तिकडे अजिंठ्यात वाकाटकांच्या काळाची धामधूम चाललीय, तिचे शिंतोडे इथवर आलेत. ही दुसरी वस्ती मूळ वस्तीइतकी दाट नाही. नवं खोदकाम थोडं, रंगकामच अधिक. पडक्या वाड्याला रंग दिला म्हणून वाडा सावरत नाही.

पुढे कुणीच नाही. कुणी जाळलं, लुटलं, शाप दिला, अशा कथा मला नेहमीच आळशी वाटतात. इथे मारेकरी समोर आहे: पाणी. दर्शनी भाग कोसळला, अंगणात दगडांचा डोंगर झाला, हत्ती, द्वारपाल, नाग, यक्ष सगळे त्याखाली गेले. आणि घाटावरच्या व्यापाऱ्याला दान द्यायला वेरूळसारखी नवी ठिकाणं मिळाली असतील, तर त्याने ढासळत्या डोंगरात खांब का द्यावा?

१८८१ साली जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांतले लेख छापले, त्यांत पितळखोऱ्याचेही आले. मितदेव वाचला गेला, मगिल वाचला गेला, दत्ता वाचली गेली. पण दारातले हत्ती कुणी पाहिले नव्हते. ते अजून ढिगाऱ्याखाली होते. १९५०च्या दशकात पुरातत्त्व खात्याने ढिगारा उपसला, आणि मधुसूदन नरहर देशपांडे यांनी १९५९ साली त्यावर सविस्तर लिहिलं. म्हणजे दान देणाऱ्यांची नावं पाऊणशे वर्षं आधी कळली आणि त्यांनी काय उभं केलं ते नंतर दिसलं. ढिगाऱ्याने मोडतोड केली खरी, पण त्यानेच कोरीव काम उन्हापावसापासून जपलं. यक्ष तेव्हाच बाहेर आला, हसतच. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कण्हदासाची ओळ तिथे वाचता येते.

तुम्ही स्तूपाला वळसा घालून बाहेर येता तेव्हा आजचा दिवस असतो. गौताळा औट्रम घाट अभयारण्य, खाली उतरायला बांधीव पायऱ्या, लोखंडी कठडा. गाडीवान नाही. नागाची भोकं कोरडी आहेत. समोर ओढ्यापलीकडच्या कड्यात आणखी काही लेणी आहेत, त्यांत लहान लहान स्तूप. बहुतेक लोक तिकडे जात नाहीत, तुम्ही जा.

वेळ असला तर घाट उतरून पाटणादेवीलाही जा, पलीकडे चाळीसगावच्या अंगाला. तिथे भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख सापडला, १२०७ सालचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याच्या खर्चाची सोय त्यात लिहिली आहे, शेवटचा भाग चक्क मराठीत. राजदरबारच्या देणगीबरोबर तिथेही बाजार आहेच: गावात विकल्या जाणाऱ्या मालावरचा हिस्सा मठाला, आणि जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल.