होस्ट्स फाइल : जुन्या दप्तराचं उरलेलं पान



आपल्यात निम्मे तरी सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे होस्ट्स फाइल कधीच उघडली नाही असा माणूस विरळा. आधी आयपी पत्ता, मग नाव, संपलं. पण ही फाइल म्हणजे एका मोठ्या दप्तराचं उरलेलं पान आहे, हे मला जुन्या आरएफसी चाळताना कळलं.

आर्पानेटवर सुरुवातीला जो तो आपापली यादी ठेवी आणि ती बहुधा शिळी असे. डिसेंबर १९७३ मध्ये पीटर डॉइच यांनी आरएफसी ६०६ मध्ये यावर वैताग काढला. अधिकृत यादी एका जागी ठेवा, आणि प्रोग्रॅमला वाचता येईल अशी ठेवा, एवढंच मागणं. महिन्याभरात आरएफसी ६०८ आली आणि स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या नेटवर्क इन्फर्मेशन सेंटरने हे काम अंगावर घेतलं. तिथल्या प्रमुख एलिझाबेथ फाइनलर. नवं मशीन आलं की त्यांच्याकडे कळवायचं, मग ते यादीत चढणार. थोडक्यात, सगळ्या नेटवर्कचं तलाठी कार्यालय!

दप्तरही सातबाऱ्यासारखंच भरगच्च. १९८२ च्या आरएफसी ८१० मध्ये आणि मग १९८५ च्या ९५२ मध्ये त्याचा साचा पक्का झाला. ओळीची सुरुवात नेट, गेटवे किंवा होस्ट या शब्दाने. पुढे कोलन देऊन पत्ता, नाव, स्वल्पविरामाने टोपणनावं, मशीन कुठलं, ऑपरेटिंग सिस्टिम कुठली, प्रोटोकॉल कुठले. नाव फार तर २४ अक्षरी, सुरुवात अक्षरानेच, मधे आकडे आणि हायफन चालतील. अंडरस्कोर नाही. १९८९ च्या आरएफसी ११२३ ने आकड्याने सुरुवात करायला मुभा दिली, अंडरस्कोर मात्र बाहेरच राहिला. आजही सर्व्हरच्या नावात तो घातला की कुठला ना कुठला प्रोग्रॅम रुसतो, त्याचं मूळ हे.

बीएसडी युनिक्समध्ये ही यादी उतरवून घ्यायला 'गेटटेबल' आणि तिच्यापासून आपली ओळखीची फाइल बनवायला 'एचटेबल' असे दोन प्रोग्रॅम होते. या नव्या फाइलमध्ये मशीन आणि सिस्टिमसाठी रकानाच नव्हता. भरगच्च दप्तराचं रोडकं पान झालं ते इथे.

मशीनं वाढली तशी पंचाईत झाली. प्रत्येक नव्या मशीनमुळे यादीत एक ओळ वाढे आणि यादी उतरवून घेणारा एक गिऱ्हाईकही वाढे, म्हणजे भार वर्गाच्या पटीत. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आरएफसी ८८२ आणि ८८३ मध्ये डीएनएस मांडलं. त्यांचं नाव पाठ्यपुस्तकात असतं, आणि ते योग्यच आहे. पण त्याआधी दहाएक वर्षं नावं तपासून, दुरुस्त करून नेटवर्क चालतं ठेवणाऱ्या फाइनलरबाईंच्या चमूचं नाव इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी एकदाही ऐकलं नाही. कारकुनी म्हणून सोडून दिलं असावं. आरएफसी ९५२ वर केन हॅरेन्स्टीन, मेरी स्टाल आणि फाइनलर अशा तिघांच्या सह्या आहेत, जरूर वाचा, जेमतेम काही पानांची आहे.

पान अजून शिल्लक आहे. बहुतेक मशीनं डीएनएसला विचारण्याआधी तेच बघतात. विंडोजमध्येही ते 'ईटीसी' नावाच्याच फोल्डरात सापडतं, युनिक्सच्या घरचा पत्ता न बदलता.