बापाच्या नावाची जागा

नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापुरात सापडलेल्या एका संस्कृत शिलालेखात राष्ट्रकूट कुळ सांगणाऱ्या राजघराण्याची वंशावळ कोरलेली आहे. राजा, त्याचा बाप, त्याचा आजा अशी नावं तिथे दगडावर आली. त्याच शिवारात १८७० च्या आसपास औत हाकणाऱ्या शेतकऱ्याचा बाप कोण, असं त्याच्या वारसांना विचारा. आजोबा सांगतात, पणजोबा सांगतात, खापरपणजोबापाशी येऊन थांबतात. मग कुणीतरी म्हातारं माणूस हळूच म्हणतं, ‘तो इथला नव्हता म्हणतात. आईसंगं आला होता.’ दुसरं म्हणतं, ‘दत्तक घेतलेला.’ तिसरं म्हणतं, ‘दुष्काळात सापडलेलं पोर ते, ह्यांच्याच घरी वाढलं.’ मराठवाड्यातल्या कितीतरी शेतकरी घरांची कुळकथा इथूनच सुरू होते.

वंशावळ हा कागद मुळात वतनदारांचा. पाटील, कुलकर्णी, देशमुख यांना वतन होतं, वतनाला हक्क-मानपान होते, आणि भाऊबंदांत त्यावरून भांडणं होती. भांडण गोतसभेपुढे गेलं की घराण्याची हकीकत सांगणारा ‘करीना’ लिहून द्यावा लागे आणि निवाड्याचा ‘महजर’ होई. कोण कुणाचा, थोरला कोण, धाकटा कोण, दत्तक कोण, हे सगळं त्यात येई. मूळपुरुष कागदावर आला तो असा, भांडणामुळे. ज्याच्याकडे वाटून घ्यायला वतन नव्हतं त्या कुणब्याची वंशावळ लिहिण्याचं कारणच कुणाला पडलं नाही. आणि कारण पडलं की शेतकऱ्याच्या पोराचीही पिढी न् पिढी तपासली जाते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. तेव्हा त्याचं शेतकरी घराणं गायकवाडांच्या मूळपुरुषाला कसं जाऊन मिळतं, याची रीतसर चौकशी झाली. शेजारच्या वाफ्यात राबणाऱ्याच्या आजाचं नाव विचारायला मात्र कुणी आलं नाही.

नांदेडचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावं वसुलीसाठी इजाऱ्याने दिली जात. सरकारला रकमेशी मतलब. नांगर कोण धरतो याच्याशी नाही. १८५३ साली पहिले सालारजंग दिवाण झाले, त्यांनी हळूहळू इजारदारी मोडली आणि १८६५ साली जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी, केली. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी आली. शेताला सर्व्हे नंबर मिळाला, नंबराला आकार, म्हणजे सारा, बसला, आणि आकार कुणी भरायचा म्हणून रयतेचं नाव, बापाच्या नावासकट, कागदावर चढलं. अर्धापूरच्या शेतकऱ्याचा लेखी बाप जन्मला तो या मोजणीत. हे विसरून जुने कागद वाचू नयेत. त्या नोंदीने एवढंच सांगितलं की या सालचा सारा अमक्याने भरायचा आहे आणि गाव त्याला तमक्याचा मुलगा म्हणून ओळखतं. रक्ताचा दाखला देणं हे पटवाऱ्याचं काम नव्हतंच.

आज हाती येणारा भक्कम कागद म्हणजे १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक. तहसीलच्या अभिलेख कक्षात ते मिळतं, कडा कुरतडलेल्या, घडीवर फाटत चाललेल्या पानांचं. सर्व्हे नंबर, क्षेत्र एकर-गुंठ्यांत, आकार, ताबेदाराचं नाव, पीक. समजा तिथे ‘मारोती वल्द गंगाराम’, म्हणजे गंगारामाचा मुलगा मारोती, असं आहे, आणि घरचे सांगतात की मारोती तेव्हा सत्तरीचा होता. म्हणजे मारोतीचा जन्म १८८५ च्या आगेमागे आणि गंगारामाचा १८६० च्या सुमाराचा. एका नोंदीने आपण नव्वद-पंचाण्णव वर्षं मागे जातो. त्याच्याही मागे जायचं तर सेतवार, वसूल-बाकीची पत्रकं. तिथे साल फसली असतं. ५९० मिळवले की इसवी सन येतो, महिन्यानुसार एखाद्या वर्षाचा फरक धरून. महिने आजूर, दै, बहमन असे फारसी. गावचं दप्तर मोडीत, वर गेलेला कागद उर्दूत.

आणि इथे नावं निसटतात. उर्दू लिपीला ण आणि ळ नाहीत, ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. राणबाचा रानबा होतो, बाळाचा बाला, कोंडिबाचा कुंडिबा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यात आपल्याकडची रीत अशी की वारलेल्या आजाचं नाव नातवाला ठेवायचं. गंगाराम वल्द मारोती, मारोती वल्द गंगाराम, पुन्हा गंगाराम वल्द मारोती. एकाच सर्व्हे नंबरावर पन्नास वर्षांत तीन माणसं असतात आणि वाचणारा त्यांना दोन समजतो. मधली एक पिढी अशी अलगद गळून पडते.

पण नाव वाचता आलं तरी बाप निश्चित होतो असं नाही, आणि खरी कुळकथा तिथेच आहे.

शेतकरी जातींमध्ये विधवेचा पाट लागत असे. काही ठिकाणी त्याला मोहतूर म्हणतात. ब्राह्मणी समाजात विधवाविवाहावर एकोणिसाव्या शतकभर वाद झाले, कुणब्याच्या घरात तो आधीपासूनच चालत आलेला होता. त्यात चोरी नव्हती, लाज नव्हती. मात्र पाट लागला की बाईचा पहिल्या नवऱ्याच्या शेतावरचा हक्क सुटायचा. मग तान्ह्या पोराचं काय? दोनच वाटा. एक तर पोर चुलत्यांकडे राहायचं, आणि चुलत्याच्या हाताखाली वाढता वाढता कागदावर कधी चुलत्याचाच मुलगा होऊन बसायचं. नाहीतर आईच्या कडेवर बसून नव्या गावी यायचं आणि नव्या बापाच्या नावाने ओळखलं जायचं. पहिल्या गावच्या दप्तरातून ते पुसलं जाई, दुसऱ्या गावच्या दप्तरात ते जणू तिथेच जन्मलेलं असे. पटवाऱ्याने खोटं लिहिलं नाही. गावाने जे मानलं ते त्याने लिहिलं.

दत्तकाचं तसंच. पोटी मूल नाही म्हणून भावाचा, मेहुण्याचा, कधी मुलीचा मुलगा घेत. मोठ्या घरात दत्तकविधान होई, कागद होई, उर्दू दप्तरात ‘मुतबन्ना’ असा शब्द चढे. दहा-वीस एकरांच्या घरात चार माणसांसमोर मांडीवर बसवलं की झालं. दोन पिढ्यांनी मांडी आणि पोट यातला फरक कुणाला आठवणार? मुलगाच नसलेल्या घरी घरजावई येई, आणि त्याच्या पोरांना गाव आईच्या घरावरून हाक मारू लागे. हाकेचंच पुढे आडनाव होई.

त्यावर दुष्काळ. १८७६ ते १८७८ चा एक, १८९९-१९०० चा दुसरा. दुसऱ्याचं फसली साल १३०९. हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत सुमारे १ कोटी १५ लाख होती; १९०१ साली ती १ कोटी ११ लाखांवर आली. वाढायची ती चार लाखांनी घटली. पटकी, उपासमार, जगायला बाहेर पडलेले तांडेच्या तांडे. आज अर्धापूर म्हटलं की केळीच्या बागा नि हळद डोळ्यांसमोर येते, पण पूर्णा प्रकल्पाचं कालव्याचं पाणी यायच्या आधीचं हे शिवार पावसाच्या भरवशावरचं. त्या वर्षांत आईबाप गेलेलं पोर कुणाच्या तरी ओसरीवर राहिलं, गुरं राखू लागलं, सालगडी झालं, आणि धन्याच्या घरचं होऊन गेलं. शिरगणतीने डोकी मोजली. त्या पोराचा बाप कोण होता हे तिच्या आकड्यांत सापडणार नाही.

कागद संपतो तिथे रीतीभाती बोलू लागतात, आणि मला त्यांचा भरवसा वाटतो. सुतक कुणाचं धरता? कागदावर काहीही नातं न दिसणारी दोन घरं, दोन वेगळ्या आडनावांची, एकमेकांचं सुतक धरत असतील आणि त्यांच्यात सोयरीक होत नसेल, तर मागे कुठेतरी ती एका बापाची आहेत असं दोन्ही घरं मानतात. कुलदैवत कोणतं? सगळी भावकी माहूरच्या रेणुकेला जाते आणि एकच घर माळेगावच्या खंडोबाला, तर त्या घराचा मूळपुरुष बाहेरून आला असावा. देवक कोणतं, हेही विचारावं. दक्षिण महाराष्ट्रात नि कर्नाटकाच्या सीमेवर हेळवी दारोदार येऊन पिढ्या वाचतात. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत यात्रेकरूने स्वतः सांगितलेली नावं असतात. पण अर्धापूरकरांना गंगा, म्हणजे गोदावरी, नांदेडलाच, अस्थी तिथेच सोडायच्या. त्र्यंबकच्या वहीत नाव चढायला घरात थोडी सुबत्ता लागे.

२०२३ पासून हा शोध घरापुरता राहिलेला नाही. मराठा-कुणबी नोंदी तपासण्यासाठी त्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मराठवाड्यात पहिल्या टप्प्यात पावणेदोन कोटींच्या घरात कागद पाहिले गेले, कुणबी नोंदी निघाल्या सुमारे साडेअकरा हजार. महसुली कागद, शाळेचे दाखल-खारीज, खरेदीखतं, पोलिसांची नि तुरुंगांची रजिस्टरंसुद्धा उघडली गेली. नोंद सापडल्यावर तिच्यापासून आपल्यापर्यंतची वंशावळ जुळवून द्यावी लागते. आरक्षणामुळे शिक्षण आणि नोकरी या कागदावर अडलेली असतात, तेव्हा लोकांची धडपड मला मनापासून समजते. पण भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. रकाना रिकामा दिसू नये म्हणून आईसंगं आलेल्या पोराला कुणीतरी सरळ पोटचा मुलगा करून टाकतं. म्हातारी माणसं जे हळू आवाजात सांगत होती ते सांगणं बंद होतं, आणि प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ हीच घरची आठवण होऊन बसते.

ज्यांनी परकं पोर मांडीवर घेतलं, भाकरीत वाटा दिला, शेतात वाटा दिला, त्यांच्याबद्दल घरात कुजबुज कशाला? ते उघड लिहावं. सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव टिपावं. दोन आठवणी जुळत नसतील तर दोन्ही टिपाव्यात. दोन शाखांच्या पुरुषांची वाय गुणसूत्राची तपासणी केली तर त्या एका पुरुषापासूनच्या आहेत का, हे कळू शकतं. पण तो पुरुष कोण, हे प्रयोगशाळा सांगत नाही. आणि तपासणीत ‘नाही’ आलं म्हणून दीडशे वर्षं एकत्र पाळलेलं सुतक खोटं ठरत नाही.

सर्वांत आधी विचारावं ते पोराला घेऊन आलेल्या त्या बाईचं नाव. बापाचं नाव अंधारात असतं तेव्हा आईचं बऱ्याचदा ठाऊक असतं, फक्त आपल्या वंशावळींत बायकांसाठी जागा आखलेली नसते. जुन्या कागदात ती ‘जौजे’ किंवा ‘बेवा’ म्हणून, म्हणजे कुणाची तरी बायको किंवा विधवा म्हणून येते; नवरा वारल्यापासून पाट लागेपर्यंतच्या एखाद्या-दोन सालांत शेत तिच्या नावावर असू शकतं. म्हणून अर्धापूरचा खासरा पाहून झाला की तिच्या पहिल्या सासरच्या गावची सेतवार नि वसूल-बाकी मागवावी. दिरांच्या नावावर गेलेल्या सर्व्हे नंबरांत, आदल्या फसली सालच्या रकान्यात, ती अमक्याची बेवा म्हणून सापडली, तर पोराचा बाप तिच्याच ओळीत मिळतो.